रात्रीचा दवाखाना आणि केसपेपरची चळत

घरात सत्तरीपुढचं माणूस आहे. रात्री त्याला धाप लागते, नाहीतर दरदरून घाम फुटतो. मिळेल ती गाडी करून तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्र गाठता. सुई, वाफ, ऑक्सिजन. दोन तासांत बरं वाटतं, पहाटे घरी येता, आणि पंधरवडा उलटायच्या आत पुन्हा तेच. आमच्याकडे हा फेरा २०२४च्या दिवाळीनंतर सुरू झाला आणि अख्खा हिवाळा त्यात गेला.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून बरंच आत. आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर. मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा यांसाठी आलेली माणसं आपसांत बोलतात ते कानावर पडतंच, आणि त्यात "बुढीले काल रातच्याले पुन्हा नेलं" हे दर आठवड्याला कोणी ना कोणी म्हणतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. खाली ज्या गोळ्यांची नावं येतील त्या आईंच्या आहेत, माझ्या लिहिण्यावरून तुमच्या माणसाची एकही गोळी सुरू किंवा बंद करू नका.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. आधार कार्डावर त्यांची जन्मतारीख १ जानेवारी १९५७ आहे, म्हणजे कार्ड काढणाऱ्यानं अंदाजानं टाकलेली. "बहात्तरच्या दुष्काळात माह्या पदरात दोन लेकरं होती," असं त्या सांगतात, त्यावरून खरं वय त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर धरायचं. बीपी बारा-तेरा वर्षांपासून, साखर त्यानंतरची. गुडघे कधीचेच गेलेले. तरी पराटी, म्हणजे कपाशी, फुटली की त्या घरी बसत नाहीत.

१२ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी होती. दिवसभराच्या उपासात दुपारी थोडी भगर, बस. रात्री दीडच्या सुमारास त्या काहीबाही बोलायला लागल्या. वारलेल्या बहिणीला हाका मारत होत्या. लुगडं घामानं ओलंचिंब. ह्यांना वाटलं लकवा मारला. शेजारच्या भाऊजींनी मालवाहू गाडी काढली, मागे गादी टाकली आणि निघालो. केंद्रात रात्री एक सिस्टर आणि एक शिपाई. सिस्टरनं काही विचारायच्या आधी बोटाला टोचून साखर पाहिली : ४२. सत्तरच्या खाली गेली की धोका, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि पाच-दहा मिनिटांत आई उठून बसल्या. "मले कायले आनलं इथं?"

क्वार्टरमधून डॉक्टर आले. उपास करू नका, सकाळी ओपीडीत दाखवा, म्हणाले. केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या. पैसे काही लागले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून औषधापर्यंत सगळं मोफत आहे. खर्च होतो तो गाडीचा. भाऊजींनी घेतले नाहीत ती गोष्ट वेगळी, पण एरवी रात्रीच्या गाडीला सहाशे-सातशे मोजावे लागतात.

सकाळची ओपीडी साडेबाराला संपते. त्या दिवसांत वेचणीचे मजूर मिळवायला ह्यांना आदल्या रात्री घरोघर फिरावं लागायचं. मिळालेले मजूर सोडून दवाखान्यात कोण जाणार? शिवाय आई ठणठणीत दिसत होत्या, चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या. रात्रीचा पेशंट सकाळी बरा झालेला असतो, आणि बऱ्या माणसाला घेऊन आमच्याकडे कोणी दवाखान्यात जात नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ मला तरी इथंच दिसतं.

१९ नोव्हेंबरच्या रात्री धाप लागली. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान, गावातल्या भाड्याच्या गाड्या सगळ्या त्याच कामाला लागलेल्या. म्हणून १०८ ला फोन केला. फोन उचलणारं माणूस पुण्यात बसलेलं असतं, त्याला तुमचा फाटा आणि तुमचा नाला माहीत नसतो. आधी जिल्हा, मग तालुका, मग डांबरी रस्त्यावरचं सगळ्यात मोठं गाव, आणि तिथून तुमचं गाव कोणत्या दिशेला, या क्रमानं सांगा. पेशंटला काय होतंय ते एका वाक्यात. मग फोन मोकळा ठेवा, कारण गाडीचा ड्रायव्हर त्याच नंबरवर विचारत येतो. नातेवाइकांना फोन करत बसलं की त्याला लाइन व्यस्त मिळते. घरातलं एक माणूस टॉर्च घेऊन फाट्यावर उभं करा. आमच्या गावाला गाडी तालुक्याहून येते, त्यामुळे पाऊण तास धरावाच लागतो. आत डॉक्टर असतात, ऑक्सिजन गाडीतच सुरू होतो, आणि हे सगळं मोफत. परतीला मात्र ती गाडी सोडत नाही, तेव्हा खिशात परतीच्या ऑटोचे पैसे असू द्या.

त्या रात्री ग्रामीण रुग्णालयात ईसीजी झाला, लघवी होण्याची सुई दिली, पहाटेपर्यंत चार-पाचदा लघवी झाली आणि श्वास मोकळा झाला. दुपारी सुट्टी मिळाली. येताना आईंनी ऑटो शाळेकडे वळवायला लावला. हाताला सलाईनची पट्टी तशीच, आणि बोटाला शाई लावून घरी आल्या.

डिसेंबरात हे अंगवळणी पडलं. थंडी वाढली तशी धापेच्या रात्री वाढल्या. कधी वाफ दिली, कधी दम्याची डेरिफायलिनची सुई, कधी ॲसिडिटीची. एका केसपेपरवर दमा, दुसऱ्यावर पित्त, तिसऱ्यावर नुसतं "घाबरल्यासारखं होते". प्रत्येक वेळी ड्युटीवर वेगळं माणूस, प्रत्येक वेळी नवा केसपेपर, आणि प्रत्येकानं समोरची रात्र निभावून नेली. रात्रीच्या माणसांना मी दोष देत नाही. एका सिस्टरच्या भरवशावर बाळंतपण चाललेलं असतं, बाजूच्या खाटेवर साप चावलेला गडी असतो, त्यात आमची आजी. तिला श्वास आला की त्यांचं काम झालं. या सगळ्या रात्री एकापुढे एक मांडून पाहणं हे मात्र कोणाचंच काम नव्हतं.

त्यातच एका रात्री कोणीतरी म्हणालं, "आजी, परत आल्या का?" चेष्टेत असेल, थकून असेल. आईंनी ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर त्यांनी धाप लागली तरी सांगणं सोडलं. रात्री उठून भिंतीला टेकून बसायच्या, सकाळी म्हणायच्या झोप लागली नाही. मला शंका आली ती उशांवरून. एकीच्या दोन झाल्या, मग दोनाखाली एक घडी केलेली गोधडी आली. आडवं झालं की कोंडतं म्हणून माणूस डोकं उंच उंच करत जातं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या उशा अशा वाढत असतील तर थांबू नका, विचारा. पाय दाबून पाहा, बोटाचा खड्डा राहतो का ते.

२७ डिसेंबरला पहाटे त्यांचे ओठ काळेनिळे दिसले. त्या वेळी सरकारीत न जाता तालुक्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. तीन दिवस भरती, १४,३०० रुपये. कापसाचे जे थोडे आले होते त्यातले गेले. सुट्टी देताना नऊ औषधांची चिठ्ठी हातात पडली. आजार काय, हे विचारल्यावर "वयाप्रमाणे चालायचंच" असं उत्तर मिळालं. मला हे वाक्य आजही पटत नाही. वय काही रात्री दीड वाजता येत नाही.

घरी वातावरण बिघडलं होतं. हे दोन-दोन रात्री जागे, दिवसा वावरात. नणंदबाई फोनवर म्हणायच्या नागपूरला न्या. नागपूरला म्हणजे कुठे, कोणाकडे, किती दिवस, याचं उत्तर कोणाजवळ नव्हतं. आई एका संध्याकाळी मला म्हणाल्या, "आता नेऊ नोका मले. तुमचा पैसाबी चालला अन झोपबी." मी उत्तर दिलं नाही, ताट वाढलं.

जानेवारीत आशाताई वाय-फायसाठी माझ्या केंद्रात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, आरोग्य केंद्रात नवीन डॉक्टर मॅडम आल्या आहेत, बाँडवरच्या. एमबीबीएस झाल्यावर सरकारी सेवेचा जो एक वर्षाचा बाँड असतो, त्यावर. "ओपीडीची गर्दी ओसरली की साडेअकराच्या पुढं या. सगळे कागद आना. अन घरात हायेत तेवढ्या गोळ्या आना, रिकामी पाकिटंबी." या एका निरोपाचे उपकार मोठे आहेत.

केसपेपर मी ठेवले होते. कागद टाकवत नाही, धंद्याची सवय. रेशन कार्डाच्या रेक्झिनच्या पिशवीत सगळी चळत होती. गोळ्यांसाठी आईंचं कपाट उघडलं तर एक डबा, एक बटवा आणि देवघरामागे एक पिशवी निघाली. संक्रांत झाल्यावर, १६ जानेवारीला, ते सगळं घेऊन गेलो.

मॅडमनी टेबल रिकामं केलं आणि केसपेपर तारखेप्रमाणे लावले. वय असेल पंचवीस-सव्वीस. आईंना "आजी" म्हणायच्या, पण प्रश्न मात्र आईंनाच विचारायच्या, आमच्याकडे पाहून नाही. हे मला फार आवडलं. मग एकेक पाकीट हातात घेऊन : ही केव्हा घेता? ही कोणी दिली? ही कशाची?

साखरेच्या गोळीची दोन पाकिटं निघाली. एक तालुक्याच्या खासगी डॉक्टरांनी लिहिलेली, रंगीत वेष्टणाची. एक उपकेंद्रातून मिळालेली, पांढऱ्या पाकिटातली. नावं वेगळी दिसत होती, पण दोन्हींत ग्लिमेपिराईडच. आई दोन्ही घेत होत्या. का, तर "सरकारी गोई हलकी रायते, म्हून दोन्ही घेतो." म्हणजे दुप्पट मात्रा, त्यात उपास. ४२ का झाली ते कळलं. मॅडमनी गोळीचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव कुठे लिहिलेलं असतं ते दाखवलं. तुमच्या घरातली पाकिटं आज उलटी करून ही नावं जुळतात का पाहा. ज्याला वाचता येतं त्या पोराला बसवा.

दुसरी गोष्ट अजून विचित्र होती. देवघरामागच्या पिशवीत गुडघ्याच्या गोळ्या होत्या, डायक्लोफेनॅक. रविवारच्या बाजारात मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या. वेचणीनं गुडघे भरून आले की दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ एक. मॅडमनी धापेच्या रात्रींच्या तारखा एका कागदावर लिहून काढल्या आणि मला मोबाइलमधलं कॅलेंडर उघडायला सांगितलं. बहुतेक रात्री मंगळवार-बुधवारच्या. रविवारच्या बाजारानंतरच्या. ही दुखण्याची गोळी अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवते, बीपी वाढवते, मूत्रपिंडावर ताण आणते. हृदय आधीच कमजोर असेल तर ते साचलेलं पाणी फुप्फुसात जातं आणि माणूस रात्री उठून बसतं. छातीत शिट्टीसारखा आवाज तेव्हाही येतो, त्यामुळे रात्रीच्या घाईत दमा वाटू शकतो. हे सगळं त्यांनी आईंना समजेल असं सांगितलं. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मंग गुडघ्याचं काय करू?" प्रश्न बरोबर होता. मॅडमनी पॅरासिटामॉल लिहून दिली आणि यंदाची वेचणी बंद, असं ह्यांच्याकडे पाहून सांगितलं.

ग्लिमेपिराईड त्याच दिवशी थांबवली. या वयात साखर थोडी वर राहिलेली चालते, खाली गेलेली चालत नाही, असं त्या म्हणाल्या. महालॅबसाठी, म्हणजे सरकारी मोफत तपासणीसाठी, रक्त तिथंच घेतलं, रिपोर्ट मोबाइलवर आला, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.५, थोडं जास्तच. आणि हृदयाच्या इकोसाठी, म्हणजे सोनोग्राफीसाठी, रेफर चिठ्ठी दिली. रेफर चिठ्ठी मागून घ्या, तोंडी "मोठ्या दवाखान्यात दाखवा" यावर निघू नका. चिठ्ठीवर काय शंका आहे आणि काय तपासायचं आहे ते लिहिलेलं असलं की पुढच्या ठिकाणी पहिल्यापासून रामायण सांगावं लागत नाही.

आम्ही सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय निवडलं, कारण ह्यांच्या मामेभावाचं घर वर्ध्याला आहे. यवतमाळात खासगीत इकोचे १,८०० सांगितले होते. पैशापेक्षा तिथं एकाच जागी सगळं दाखवून होईल हा विचार होता. २१ जानेवारीला पहाटेच्या एसटीनं निघालो. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आई आणि मी मिळून एका तिकिटात. यवतमाळ ते वर्धा साधारण सत्तर किलोमीटर, पुढे सेवाग्रामला ऑटो. कस्तुरबा रुग्णालयात नाव नोंदवून, मेडिसिनच्या ओपीडीत दाखवून, इको व्हायला दुपार झाली. बरोबर भाकरी आणि पाण्याची बाटली होती म्हणून बरं.

योजनेबद्दल इथं लिहिते, कारण माझ्या केंद्रात सगळ्यात जास्त गोंधळ याचाच असतो. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांपर्यंतचं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून निघतं, पण वय धरतात ते आधारवरचं. आईंचं आधार त्यांना तेव्हा सदुसष्ट-अडुसष्टचं ठरवत होतं, त्यामुळे कार्ड निघालं नाही. जन्मतारीख दुरुस्त करायला पुरावा लागतो आणि बहात्तरचा दुष्काळ हा पुरावा चालत नाही. मग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राहते, ती रेशन कार्डावर चालते. रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशन कार्ड आणि आधार दाखवा, पण एक लक्षात ठेवा : ही योजना भरती होऊन घेतलेल्या, यादीत असलेल्या उपचारांसाठी आहे. ओपीडीतला केसपेपर, इको, बाहेरची औषधं यांत ती धरत नाही. आम्ही इकोचे पैसे भरले, ते खासगीत सांगितलेल्यापेक्षा कमीच होते. रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का हे गावातच पाहून घ्या. आईंच्या नावात एका ठिकाणी "बाई" आहे, एका ठिकाणी नाही. भरतीची वेळ आली असती तर त्यावर एक दिवस गेला असता.

इकोत हृदयाची पंप करण्याची ताकद ३८ टक्के निघाली, ती पंचावन्नच्या वर हवी. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेतलं नाही, आईंसमोरच सांगितलं : हृदय कमजोर झालंय, हार्ट फेल्युअर. आजार बरा होत नाही, पण गोळ्या, मीठ आणि वजन सांभाळलं तर रात्री उठून बसावं लागणार नाही. आई परतीच्या एसटीत म्हणाल्या, "चला, नाव तं भेटलं रोगाले."

आता घरातलं. ७५० रुपयांचा वजनकाटा आणला. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, आई त्यावर उभ्या राहतात. वाचता येत नाही म्हणून नातू वाचतो आणि कॅलेंडरवर लिहितो. रात्रीतून किलोभर किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साचतंय असं समजायचं आणि त्याच दिवशी, उजेडी, दवाखान्यात कळवायचं. पाणी उतरवायची गोळी, फ्युरोसेमाईड, सकाळीच घ्यायची. आधी चिठ्ठीवर "दिवसातून एकदा" एवढंच होतं आणि आई ती रात्री घ्यायच्या, मग अंधारात मोरीपर्यंत फेऱ्या. पडल्या नाहीत हे नशीब.

मिठाचं भांडण अजून मिटलेलं नाही. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा. भाजीतलं कमी करणं सोपं होतं. खरं मीठ लपलेलं होतं खारोड्यांत (उन्हात वाळवलेल्या खारट वड्यांत), पापडात, लोणच्याच्या खारात आणि ठेच्यात. खारोड्या आईंनी स्वतः घातलेल्या, पिंप भरून. "भाकरीसंगं तोंडाले काय लावू मंग, राख?" असं दोन दिवस चाललं. शेवटी जवसाची चटणी बिनमिठाची, वरून लिंबू, यावर तह झाला. खारोड्यांचं पिंप माझ्या माहेरी गेलं.

मॅडमनी आम्हाला एक पानाचा कागद करून दिला. वर ठळक अक्षरात आजाराचं नाव, इकोचा आकडा आणि तारीख, नेहमीचं वजन, चालू गोळ्या वेळेप्रमाणे, आणि खाली "हे देऊ नये" म्हणून डायक्लोफेनॅक व तसल्या गोळ्या-सुया आणि ग्लिमेपिराईड. मी तो लॅमिनेट केला, एक प्रत फळीवर, एक भाऊजींच्या गाडीत. आख्ख्या चळतीतला हा एकच कागद रात्रीच्या माणसाला उपयोगी पडतो, कारण तो वाचायला अर्धा मिनिट लागतो.

शिवरात्रीला, २६ फेब्रुवारीला, आईंनी उपास केलाच. साखर पडली नाही, पण उपासाचे बटाट्याचे पापड आणि चिवडा यांनी दोन दिवसांत वजन दीड किलोनं चढलं, पाय सुजले. सकाळी उपकेंद्रात गेलो. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंनी बीपी घेतलं, मॅडमना फोन लावला, तीन दिवस गोळी वाढवली. वजन उतरलं. ती रात्र घरीच गेली.

मार्चमध्ये एकदा मात्र रात्रीच जावं लागलं, ताप आणि कफ होता. ड्युटीवर नवीन सिस्टर. तिनं कागद वाचला, बोटातला ऑक्सिजन पाहिला, मॅडमना उठवलं. छातीचा संसर्ग निघाला, दोन दिवस केंद्रातच भरती केलं. सकाळी सोडून दिलं असतं तर पुन्हा आलोच असतो. रात्री जाणं कायमचं बंद होईल असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही, वयस्क माणसाला कधीतरी जावंच लागतं.

मॅडमचा बाँड मे महिन्यात संपला. जाण्याआधी आईंना मुद्दाम भेटायला बोलावून घेतलं. आईंनी त्यांना बोरांची पिशवी दिली, वाळवलेल्या. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांकडे पहिल्या भेटीला मी उन्हाळ्यातलं कॅलेंडर घेऊन गेले. पारा पंचेचाळीसकडे गेला होता आणि आईंचं वजन नेहमीपेक्षा दोन किलोनं खाली, खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी. सगळं लक्ष वजन वाढण्याकडे होतं, ते उतरूही शकतं हे डोक्यात नव्हतं. घामानं पाणी जात असताना लघवीची गोळी तेवढीच चालू ठेवली तर बीपी पडतं, मूत्रपिंडावर ताण येतो. त्यांनी उभं करून बीपी घेतलं, गोळी अर्धी केली, आणि पाऊस लागल्यावर वजन पाहून पुन्हा ठरवू म्हणाले. लॅमिनेट केलेल्या कागदावर पेन चालेना, म्हणून मागे चिकटपट्टीनं नवी चिठ्ठी लावली आहे. पुढची रक्ततपासणी पोळ्याच्या आधी. हृदयाच्या गोळ्यांतली एक उपकेंद्रात अधूनमधून संपलेली असते, तेव्हा ती बाहेरून घेतो. मागणी वर पाठवली आहे, असं ताई म्हणाल्या.